कॅक्टसवरचा मिलीबग पुन्हा पुन्हा का येतो, आणि तो कायमचा कसा घालवायचा

काट्यांच्या बुडाशी कापसासारखे पांढरे ठिपके दिसतात. हा मिलीबग, झाडाचा रस पिणारी कीड. स्पिरिटचा बोळा घेऊन ते पुसले की दोन-तीन आठवडे झाड अगदी लख्ख राहतं. मग एक दिवस त्याच जागी, नाहीतर दोन बोटं वर, पुन्हा तोच कापूस. हे रहाटगाडगं ज्यांच्याकडे महिनोन् महिने चालू आहे त्यांच्यासाठी ही पोस्ट आहे. कीड पहिल्यांदाच दिसली असेल तरीही वाचा, पुढचे सहा महिने वाचतील.

अशा वेळी बहुतेक जण म्हणतात की औषध कमी पडलं, आता काहीतरी जालीम आणावं. मला हे पटत नाही. घरात, खिडकीत ठेवलेल्या कॅक्टसवर मिलीबग 'परत' येतो तेव्हा बहुतेक वेळा तो गेलेलाच नसतो. दिसत होता तेवढा आपण पुसला, बाकीचा जागच्या जागी राहिला. म्हणून 'काय फवारू' हे नंतर ठरवा. मधले दोन-तीन आठवडे तो होता कुठे, हे आधी शोधा.

त्याआधी: ती कीडच आहे ना?

कॅक्टसच्या अंगावर पांढरं असं पुष्कळ काही असतं आणि त्यातलं बरंचसं झाडाचं स्वतःचं असतं. काटे जिथून फुटतात त्या गादीसारख्या ठिपक्यांना एरिओल म्हणतात, आणि तिथली लोकर नैसर्गिक असते. मॅमिलेरियात तर दोन गाठींच्या मधल्या खाचेतही लोकर येते. ॲस्ट्रोफायटमच्या अंगावरचे पांढरे ठिपके ही त्याची ओळखच आहे. ते कीड समजून नखाने खरवडू नका, खरवडलेली जागा पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. पाण्यातल्या क्षारांचे डाग कडक असतात आणि बोटाला भुकटीसारखे लागतात.

ओळखायची सोपी युक्ती अशी: इअरबड स्पिरिटमध्ये भिजवून संशयित कापसावर दाबा आणि जरा फिरवा. झाडाची लोकर नुसती ओली होईल. मिलीबग असेल तर कापूस विरघळल्यासारखा होतो, खालून गुलाबीसर किंवा पिवळट, चपटा, आडव्या रेघांचा किडा दिसतो आणि बडवर नारिंगी-तपकिरी ओघळ येतो. भिंगातून पाहिलं तर अंगाच्या कडेनं मेणाचे बारीक पांढरे तंतू झालरीसारखे दिसतात.

ओपन्शियावर, म्हणजे फड्या निवडुंगावर, असा कापूस असेल आणि चिरडल्यावर गडद लाल रस निघाला, तर तो कोचिनियल. नात्यानं मिलीबगच्या जवळचा आणि त्याच उपायांनी जाणारा. या किड्याच्या एका जातीपासून किरमिजी रंग काढतात. १७९५ मध्ये रंगासाठी म्हणून ब्राझीलहून भारतात आणलेली कोचिनियल भलत्याच जातीची निघाली. रंगाचा धंदा बसला, पण निवडुंगाची रानंच्या रानं तिनं फस्त केली. कॅक्टसला कीड काय करू शकते याचा याहून मोठा दाखला मला माहीत नाही.

चिकटपणा आणि मुंग्या दिसल्या म्हणूनही लगेच निकाल देऊ नका. फेरोकॅक्टस आणि कोरिफँथा यांच्या एरिओलजवळ मधाच्या ग्रंथी असतात. त्यांतून गोड थेंब पाझरतात आणि मुंग्या त्यासाठी येतात. झाड निरोगी असतं. थेंब वाळले की त्यावर काळी बुरशीही धरते, तेव्हा पाण्याने धुऊन टाका, बस.

पुसल्यावर मागे काय उरतं

मिलीबगची मादी कापसासारख्या पिशवीत अंडी घालते. सिट्रस मिलीबग या सर्रास आढळणाऱ्या जातीत एकेका मादीची ३०० ते ६०० अंडी असतात. उबदार हवेत आठवड्या-दहा दिवसांत ती उबतात. निघालेली पिल्लं इतकी बारीक आणि फिकट असतात की हलली नाहीत तर धूळच वाटते. हीच फिरती अवस्था: चालत चालत ती सुरक्षित फट गाठतात, सोंड रुतवतात, आणि मग अंगावर मेण चढवायला लागतात. मेण चढेपर्यंत आपल्याला काही दिसत नाही, आणि दिसतं तेव्हा नवीन मादी अंडी घालायच्या बेतात असते. उन्हाळ्यात ही अख्खी पिढी साधारण महिना-दीड महिन्यात होते, थंडीत बरीच लांबते.

आता यात एकदा फिरवलेला बोळा बसवून पाहा. माद्या गेल्या, पण फटीत शिरलेली पिल्लं राहिली, आणि पिशवीतली सगळी अंडी स्पिरिटला लागलीच असं नाही. कीडनाशकांचंही तेच. बहुतेक औषधं अंड्यांवर फारशी चालत नाहीत. म्हणून तुमचं औषध कितीही चांगलं असलं तरी एका वेळच्या फवाऱ्याने काम होणार नाही.

लपायच्या जागा

झाड उजेडात घ्या, भिंग घ्या, आणि वरून खाली न बघता खालून वर बघा. काटे बाजूला करायला हवेत म्हणून जुना टूथब्रश किंवा रंगाचा ताठ ब्रश जवळ असू द्या, आणि झाड धरायला वर्तमानपत्राची जाड पट्टी.

वाळून चिकटलेली जुनी फुलं आणि फळांची टरफलं हे पहिलं ठिकाण. ती आपण झाडाचा भाग म्हणून सोडून देतो, आणि त्यांच्याखाली कोरडं, अंधारं, बंद घर तयार असतं. चिमट्यानं सगळी काढा. दुसरं ठिकाण म्हणजे शेंड्याची लोकर, कारण तिथली वाढ कोवळी असते. झुपक्यानं वाढणाऱ्या झाडांत बाजूची छोटी झाडं जिथे मूळ झाडाला चिकटलेली असतात ती सांध, तिथे बोळाही पोहोचत नाही. असं झाड सोडवून वेगवेगळं करणं हाच पुष्कळदा शहाणपणाचा मार्ग ठरतो. कलमी कॅक्टस असेल, तो लाल-पिवळ्या डोक्याचा, तर कलमाचा जोड. तिथे डोकं जरा बाहेर आलेलं असतं आणि त्याच्या वळचणीला किडे बसतात.

मग कुंडी. कुंडीच्या काठाची खालची दुमड, निचऱ्याची भोकं, ताटलीची खालची बाजू, खताच्या कांडीसारखी रोवलेली नावाची पट्टी. अंडी घालायला निघालेल्या माद्या झाड सोडून अशा जागी जातात. दोन कुंड्या एकमेकींना टेकलेल्या असतील तर त्यांच्या मधली रेघ नीट पाहा. आणि मातीवर शोभेचे खडे पसरले असतील तर ते काढून टाका. दिसायला छान, पण त्याखाली काय चाललंय ते कळत नाही.

मातीखाली: सगळ्यात जास्त फसवणारी जागा

वरून झाड स्वच्छ, पण वाढ थांबलेली. हंगाम असून फुटवा नाही, पाणी घालूनही अंग सैल, रंग मळकट. अशा वेळी पाणी कमी की जास्त यावर डोकं खाजवण्यापेक्षा झाड कुंडीतून काढून बघा. मुळांवरचा मिलीबग ही निराळी जमात आहे. जेमतेम दोन मिलिमीटरचा, लांबट, पांढरा, आणि आयुष्यभर मातीतच राहणारा.

झाड उपसल्यावर आधी मुळांकडे न बघता रिकाम्या कुंडीच्या आतल्या भिंतीकडे बघा. भिंतीवर निळसर-पांढरी, मेणचट भुकटी ठिगळांसारखी चिकटलेली दिसली तर समजा आहे. मुळांच्या गुंत्यातही तसेच पुंजके असतात. परलाइटचा, म्हणजे मातीत मिसळतात त्या हलक्या पांढऱ्या खड्याचा, दाणा कडक असतो, बोटात फुटतो. हा पुंजका बोटाला मेणासारखा फासला जातो. निरुपद्रवी बुरशीचे धागेही पांढरे असतात, पण ते कोळिष्टकासारखे पसरतात आणि त्यांत किडा सापडत नाही.

सापडला तर अर्धवट उपाय करू नका. सगळी माती झाडून टाका आणि फेकून द्या, दुसऱ्या कुंडीत वापरू नका. मुळं कोमट पाण्याच्या धारेखाली, थेंबभर सौम्य साबण लावून, बोटांनी मोकळी करत धुवा. वाळकी, काळी, पोकळ मुळं कात्रीने उडवा. मग झाड सावलीत, हवेशीर जागी आठवडाभर तसंच उघडं ठेवा. कॅक्टसला त्याने काही होत नाही. उलट कापलेल्या जागा सुकल्या नाहीत तर कूज शिरते. जुनी कुंडी गरम पाण्याने आणि साबणाने घासून घ्या, नाहीतर सरळ नवी वापरा. नव्या, कोरड्या, भरपूर निचऱ्याच्या मिश्रणात लावल्यावर पहिलं पाणी आणखी आठवड्याने.

एकाच मोठ्या ट्रेमध्ये पाणी ओतून सगळ्या कुंड्यांना खालून पाजायची सवय असेल तर ती मोडा. मुळांवरची कीड भोकातून भोकात याच पाण्याने जाते. एका कुंडीत सापडली तर त्या ट्रेमधली प्रत्येक कुंडी उपसून पाहायची, कंटाळा आला तरी.

उपचार: औषध साधं, वेळापत्रक कडक

झाड आधी बाकीच्यांपासून लांब न्या. लांब म्हणजे दुसऱ्या खोलीत. एक खिडकी सोडून ठेवलेलं झाड लांब नसतं.

रोजच्या कामाला स्पिरिट म्हणून ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरतं. त्याहून तीव्र आणायची गरज नाही, ते फार लवकर उडून जातं आणि किड्यावर पुरेसा वेळ टिकत नाही. थोडे किडे असतील तर इअरबडने एकेक टिपा. फटींसाठी ब्रश भिजवून आत दाबा. सगळं संध्याकाळी करा आणि झाड दुसऱ्या दिवसापर्यंत उन्हात नेऊ नका. ओल्या सालीवर ऊन पडलं की चट्टे पडतात आणि ते जन्मभर राहतात. नव्या जातीवर आधी एका कोपऱ्यात लावून दोन-तीन दिवस वाट पाहा.

निळसर मेणाचा थर असलेल्या झाडांवर, उदाहरणार्थ निळ्या पिलोसोसेरियसवर, स्पिरिट, साबण, तेल यातलं काहीही अंगभर वापरू नका. तो थर निघाला की त्या भागावर परत येत नाही. तिथे टोकदार बडने किड्यापुरतंच काम करा. म्हाताऱ्याच्या दाढीसारख्या केसाळ जातींवर तेल तर नकोच. केस चिकटून पिवळे पडतात, आणि आत ओल कोंडते.

कीड जास्त पसरली असेल तर साबणाचं पाणी: पोटॅशियमचा, म्हणजे झाडांसाठी मिळणारा मऊ साबण, लेबलवर दिलेल्या प्रमाणात. भांड्यांचा साबण वापरू नका, त्यातली डिटर्जंट सालीला भाजतात. साबण ओला असेपर्यंतच मारतो, वाळला की त्याचा उपयोग संपला, म्हणून फटी चिंब व्हायला हव्यात. तासाभराने साध्या पाण्याने धुऊन टाका. कडुनिंबाचं तेल वापरायचं तर लिटरभर कोमट पाण्यात ५ मिलिलिटर, आणि ते मिसळावं म्हणून थोडा तोच साबण. मिश्रण त्याच दिवशी संपवा, शिळं ठेवून उपयोग नाही. कडुनिंबाबद्दल लोकांची श्रद्धा दांडगी आहे. मला ते पिल्लांवर चांगलं वाटतं, मेण चढलेल्या माद्यांवर मात्र त्याच्यापेक्षा स्पिरिटचा बड बरा.

आता मुख्य गोष्ट. यातलं जे काही निवडाल ते दर सात दिवसांनी, कमीत कमी पाच-सहा वेळा करायचं. दुसऱ्या आठवड्यात झाड स्वच्छ दिसेल आणि हात आपोआप थांबेल. थांबू नका, बहुतेक उपचार नेमके तिथेच फसतात. सात दिवसांचं कारण वर आलंच आहे: अंड्यांतून निघालेलं पिल्लू मोठं होऊन पुन्हा अंडी घालायच्या आत ते एकदा तरी आपल्या हाती लागलं पाहिजे. शेवटचा जिवंत किडा दिसल्यापासून दोन महिने काही दिसलं नाही, तरच झाड जागेवर ठेवा. हिवाळा असेल तर त्याहूनही जास्त थांबा, कारण थंडीत कीड फक्त सुस्तावते.

आंतरप्रवाही औषध केव्हा

मुळांवर कीड आहे, झाडं बरीच आहेत, किंवा काटे इतके दाट की आत काही पोहोचत नाही, अशा वेळी इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही औषध मातीतून देतात. झाड ते पाण्याबरोबर वर ओढतं आणि रस पिणारा किडा मरतो. इथे एक गोम आहे. कॅक्टस सुप्तावस्थेत असेल तर तो पाणीच पीत नाही, आणि औषध मातीत पडून राहतं. हिवाळ्यात ओतून 'काही फरक पडला नाही' म्हणणारे बरेच असतात. वाढीच्या हंगामात, झाड पाणी घेत असताना, लेबलवरच्या मात्रेतच द्या.

ॲसिटामिप्रिड, थायामेथोक्झाम आणि इमिडाक्लोप्रिड हे एकाच गटातले आहेत. एकाला किडे दाद देत नाहीत म्हणून दुसरं आणलं तर नाव बदललं, वार करायची जागा तीच राहिली. औषध बदलायचं तर गट बदला. आणि हा गट मधमाश्यांना घातक आहे; युरोपीय संघाने २०१८ मध्ये उघड्यावरच्या पिकांसाठी यातल्या तीन औषधांवर बंदी घातली. फुलावर आलेलं झाड गच्चीत किंवा उघड्या खिडकीत असेल तर ही औषधं देऊ नका. ड्रॅगन फ्रूटसारख्या, फळं खायच्या कॅक्टसला तर मुळीच नको. घरात लहान मुलं किंवा मांजर-कुत्रं असेल तर मी स्पिरिटवरच भागवेन.

मित्रकिड्यांची एक गंमत सांगून ठेवतो. क्रिप्टोलिमस नावाचा छोटा भुंगेरा मिलीबग खातो आणि शेतीत त्याचा मुद्दाम वापर होतो. त्याची अळी पांढऱ्या मेणाच्या झिपऱ्यांमुळे हुबेहूब मोठ्या मिलीबगसारखी दिसते. झाडं बाहेर असतील आणि एखादा 'मिलीबग' नेहमीच्या दुप्पट मोठा व लगबगीने पळताना दिसला तर त्याला मारू नका.

उपाय करूनही काहीच होत नसेल तर कीड वेगळी असेल

खवले कीड: गोल, करडे-तपकिरी, एक-दोन मिलिमीटरचे कडक ठिपके, जागचे हलत नाहीत. शेजारी बारीक पांढरे लांबट दाणे असतील तर ते नर. यांच्यावर ढालीसारखं कवच असतं, म्हणून नुसतं स्पिरिट वरून फिरवून भागत नाही. टूथब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून घासून काढावे लागतात. मेलेले खवलेही झाडाला चिकटूनच राहतात, त्यामुळे 'अजून आहेतच' असं वाटत राहतं. नखाने एक उचकटून दाबा. ओलं लागलं तर जिवंत, भुकटी झाली तर मेलेला. कवचवाल्या खवल्यांवर इमिडाक्लोप्रिडचा फारसा प्रभाव पडत नाही, हेही लक्षात ठेवा.

लाल कोळी हा खरं म्हणजे कीटक नाही, आठ पायांचा कोळ्यांच्या कुळातला जीव आहे. त्यामुळे कीटकनाशकं त्याच्यावर चालत नाहीत, आणि इमिडाक्लोप्रिडनंतर तर तो कधी कधी वाढलेलाच दिसतो. लक्षण म्हणजे शेंड्याकडच्या कोवळ्या भागावर गंजासारखा तपकिरी, खरबरीत थर. बुडाशी वयानुसार येणारा खरखरीतपणा नैसर्गिक असतो, पण वरून खाली उतरणारा गंज संशयास्पद. पांढऱ्या कागदावर झाड हलकेच आपटा. पडलेले ठिपके चालायला लागले आणि चिरडल्यावर तांबूस रेघ उमटली तर कोळीच. गरम, कोरड्या, बंद हवेत याची पिढी आठवड्या-दहा दिवसांत होते, म्हणून इथे सातऐवजी चार-पाच दिवसांनी फवारा. पाण्याचा जोरदार झोत, साबण, नाहीतर खास कोळीनाशक. गेलेला हिरवा रंग परत येणार नाही. नवीन वाढ हिरवी निघतेय का, तेवढंच बघायचं.

मातीवर घोंघावणारी बारीक काळी चिलटं म्हणजे जास्त पाणी आणि जास्त कोकोपीट. मोठ्या झाडाला विशेष धोका नाही, बियांपासून केलेली रोपं मात्र त्यांच्या अळ्या खाऊन टाकतात. माती पूर्ण वाळू द्या, पिवळे चिकट कागद लावा.

पुन्हा शिरू नये म्हणून

नवं झाड आणलं की कुंडीतून काढून मुळं बघायची, जुनी माती झाडायची, आणि महिना-दोन महिने बाकीच्यांपासून वेगळं ठेवायचं. झाड कितीही टवटवीत असलं तरी यात सूट नाही. मुंग्यांची रांग कुंडीकडे जात असेल तर मिलीबगइतकंच तिच्याकडे लक्ष द्या. मिलीबगचा गोड चिकटा मुंग्यांना हवा असतो, त्या बदल्यात त्या त्याच्या शत्रूंना हुसकावतात. कुंडी पाण्याच्या ताटलीत मधोमध विटेच्या तुकड्यावर ठेवली की वाट बंद होते, फक्त पानं-काटे भिंतीला टेकता कामा नयेत. नायट्रोजनचं खत आवरा. त्याने झाड फुगतं, साल मऊ राहते आणि रस पिणाऱ्यांची चंगळ होते.

एवढं करूनही एखादं झाड तिसऱ्या-चौथ्या फेरीतही भरलेलंच निघत असेल, त्यातून ते सहज मिळणाऱ्या जातीचं असेल, तर वरचा निरोगी शेंडा कापून घ्या, भिंगाखाली तपासा, स्पिरिटने पुसा आणि काप पूर्ण सुकल्यावर नव्या मातीत लावा. उरलेला बुंधा मातीसकट पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. कंपोस्टमध्ये मात्र नको.